रिकाम्या डिस्कची नक्कल

याकोपोला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटायची, चारचौघांत हसं होण्याची. सात वर्षांचा असताना, पांढऱ्या रविवारी, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या सणाला, अख्ख्या गावासमोर उभं राहून तो बायबलातलं आपलं वचन विसरला होता. पहिल्या बाकावरची आत्या विणलेल्या पंख्याआड तोंड लपवून हसली. तेव्हापासून त्याने जे जे शिकायचं ते घोटून घोटून शिकायचं ठरवलं. त्या घोटण्यातूनच तो परदेशात सुवाला जाऊन कॉम्प्युटर शिकला आणि आपल्या बेटावर, अपिया शहरात परत येऊन एका लहानशा कचेरीत लागला. पन्नाशी आली तेव्हा त्याला कचेरीत विचारल्याशिवाय कोणी दिव्याचं बटणसुद्धा दाबत नसे, आणि ते त्याला मनापासून आवडायचं.

कचेरीचं काम म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जपून ठेवायचं. कुठल्या घरातली मुलगी कुठल्या घरी दिली, कुठल्या खडकाशी कुठल्या चंद्राला मासा येतो, वाऱ्यांची नावं, अंगाईगीतं, भांडणांच्या हकिगती. अपियात यातलं थोडंफारच गोळा व्हायचं. खरा साठा यायचा तो समुद्रापलीकडून, सवाई बेटावरून, आणि तो गोळा करायची लोसिवाले.

लोसिवाले आधी शाळेत मास्तरीण होती. साठीला टेकलेली, अंगाने भारी, हसली की दोन घरं ऐकू जाईल अशी. गावोगाव फिरायची, चटईवर अर्धा अर्धा दिवस मांडी घालून बसायची. समोरच्याच्या मनात येईल तेव्हाच आवाज टिपायचं यंत्र सुरू करायची. सालेलोलोंगाच्या धक्क्याजवळ कचेरीची एक खोली होती, तिथल्या कॉम्प्युटरात ती सगळं उतरवून ठेवायची. आणि दर पंधरवड्याला एक डिस्क लुंगीत गुंडाळून, माडाच्या पानांच्या टोपलीत ठेवून बोटीने अपियाला आणायची. टोपलीत डिस्कच्या शेजारी बहुधा भाजलेलं सुरण नाहीतर मासा असायचाच.

मग दोन्ही बेटांमध्ये इंटरनेटची बरी लाइन आली आणि याकोपोने फायली नकलणारं आरसिंक लावलं. कॅनबेराकडे जन्मलेली ही एका ओळीची आज्ञा त्याला पाठ होती, पण तिच्यासाठी योग्य जागा त्याला आत्ता सापडली.

"हे बघा लोसीबाई," त्याने तिला मुद्दाम बोलावून सगळ्यांसमोर समजावलं, "ही आज्ञा दोन्हीकडच्या फायली ताडून बघते. जे नवीन आहे, जे बदललंय, तेवढंच उचलते. बाकीच्याला हात लावत नाही. मध्येच लाइन गेली तरी फिकीर नाही, नंतर जे उरलं तेवढंच नेते."

"म्हणजे तुझ्या आज्ञेला माझ्यापेक्षा अक्कल जास्त."

"तुमच्यापेक्षा कशी असेल? पण तुमच्या टोपलीपेक्षा आहे."

कचेरी हसली. लोसिवालेही हसली, पण तिने विचारलं, "आणि तिकडचं काही चुकून पुसलं गेलं तर?"

"तर इकडूनही जातं. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या ठेवायला सांगितलंय मी तिला. पण चुकून कसं जाईल? आधी तिला म्हणायचं, 'नुसतं दाखव, करू नको.' काय आणणार, काय काढणार, त्याची यादी ती देते. ती वाचायची. मगच खरं काम सांगायचं. न वाचता सांगणारा गाढवच."

त्याच झोकात त्याने तिच्या नेण्या-आणण्याच्या दोन्ही डिस्क मागून घेतल्या. ती म्हणाली, "राहू दे रे एक माझ्याकडे." तो म्हणाला, "दोन जागी आहे ना सगळं? तिसरी कशाला, उराशी धरून झोपायला?" तिने दिल्या. त्याने त्या कोऱ्या करून दुसऱ्या कामाला लावल्या.

चौदा महिने सगळं सुरळीत चाललं. मग सालेलोलोंगाच्या कॉम्प्युटरची डिस्क मेली. घाबरण्यासारखं काही नव्हतं, सगळं अपियात होतंच. याकोपो गुरुवारी बोटीने गेला, नवी डिस्क बसवली, फायलींसाठी रिकामा कप्पा तयार केला आणि परत आला. आता अपियातून सगळं उलट तिकडे पाठवायचं, एवढंच उरलं होतं.

शुक्रवारी दुपारी तो बसला. चार वाजता चर्चमधल्या गायनाची तालीम होती. खर्जातला मुख्य आवाज त्याचा, आणि गाणाऱ्यांना नेणारा ट्रकही त्याचाच. बायकोचा, तालोसांगाचा, दोनदा फोन येऊन गेला. "बायका उन्हात उभ्या आहेत. येताय की चालत जाऊ आम्ही?"

"आलोच."

आज्ञा नव्याने लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने वरच्या बाणाचं बटण दाबलं. आधीची आज्ञा समोर आली, आणि त्याने ती पाठवून दिली. ती रोजचीच होती. सालेलोलोंगातून घे, अपियात ठेव, आणि तिकडे जे नाही ते इथूनही काढून टाक.

तिकडे काहीच नव्हतं.

ओळी भराभर वर सरकू लागल्या. लाइन आज चांगली आहे, असं त्याला वाटलं. किल्ल्या उचलता उचलता त्याने सहज एक ओळ वाचली. *काढून टाकले: फेतुआओ, बोनिटो मासा, दुसरा दिवस.* त्याने झडप घालून काम थांबवलं. पण पुसायला किती वेळ लागतो? गोळा करायला वर्षं लागलेलं सगळं तेवढ्यात गेलं होतं.

तो खुर्चीत बसला. मग उठला, ट्रक काढला, बायकांना चर्चला नेलं आणि गायला. एक सूर चुकला नाही. शेजारच्याने पाठ थोपटली, "आज आवाज लागलाय हं तुझा." पुढे कित्येक महिने ते वाक्य त्याला आठवायचं आणि अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

शनिवारी त्याने पुसलेल्या फायली परत काढायची खटपट केली. रविवारी, कुणी कपडेसुद्धा वाळत घालत नाही अशा दिवशी, दोन प्रार्थनांच्या मध्ये तो पांढऱ्या सदऱ्यातच चोरासारखा मागच्या दाराने कचेरीत शिरला. हाती लागले ते तुकडे. खरखर, अर्धा शब्द, कोंबडा आरवल्याचा आवाज, पुन्हा खरखर.

सोमवारी बैठक झाली. कचेरीची मुख्य पेरिसे, शांत, मोजकं बोलणारी बाई. लोसिवाले फोनवर होती, फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला.

"काय झालं नक्की?" पेरिसेने विचारलं.

याकोपोने रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही त्याला वापरावं लागलं नाही. तो फक्त म्हणाला, "सालेलोलोंगाची डिस्क गेली. तिची खराबी इकडेही आली."

"डिस्क का गेली?"

फोनमधून समुद्राचा आवाज येत होता.

"खारी हवा लागली असणार," तो म्हणाला. "खिडकीशी ठेवलंय यंत्र."

फोनमधून लोसिवालेचा आवाज आला. इतका बारीक आवाज तिचा कोणी कधी ऐकला नव्हता. "खिडकीशी मीच ठेवलं होतं. तिथे बसलं की रस्ता दिसतो म्हणून."

याकोपोने टेबलावरची पेन्सिल उचलून सरळ ठेवली. बोलला नाही. खोटं एवढंच, एक वाक्य आणि एक गप्प बसणं. पण दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायला तेवढं पुरलं.

बातमी सवाईवर पसरायला दिवस लागले नाहीत. चर्चच्या पायरीवर एकाने लोसिवालेला विचारलं, "आमच्या बापाचा आवाज हरवलास म्हणे?" विचारणारा तिचाच जुना विद्यार्थी होता. पुढच्या आठवड्यात तिने काम सोडलं.

तीन आठवड्यांनी ती खोलीची किल्ली द्यायला अपियाला आली. पेरिसेकडे किल्ली देऊन सरळ याकोपोच्या टेबलापाशी आली. हातात टोपली होती. आत नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांच्या पुड्या, अजून कोमट.

"घे. तुला आवडतात."

"लोसीबाई, कशाला..."

"तुझी माफी मागायची होती. फोनवर बरं वाटेना." ती उभीच राहिली. "तू एवढं डोकं लावून सगळं बसवलंस. आम्हाला अडाण्यांना समजावलंस. आणि माझ्या खिडकीपायी ते सगळं पाण्यात गेलं. रागावू नकोस माझ्यावर."

तिच्याकडे बघणं त्याला जमेना. टोपलीकडे बघितलं तर तेही जमेना. "नाही हो, रागवायचं काय," असं काहीतरी तो पुटपुटला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोट गाठायला निघून गेली.

मग त्याने ते केलं जे इतके दिवस टाळलं होतं. आरसिंक प्रत्येक कामाची नोंद एका फायलीत लिहून ठेवी, तशी त्यानेच सोय केली होती. ती फाइल पुसणं सोपं होतं, त्याच्याशिवाय ती कोणी उघडणारही नव्हतं. त्याने ती उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. *काढून टाकले*, आणि पुढे नाव. *काढून टाकले*, आणि पुढे नाव. सदतीस माणसं, प्रत्येकाची दहा-वीस बोलणी. काही नावांपुढे, माणूस वारल्यावर, लोसिवालेने फायलीच्या नावातच लहानसा क्रूस घातला होता. असे अकरा होते. वाचून होईपर्यंत पुड्या गार झाल्या. त्या खायची त्याची हिंमत झाली नाही, आणि टाकून द्यायचीही झाली नाही.

त्याने फाइल छापली, पेरिसेच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पेरिसेने कागद उलटसुलट केले.

"मला सांगितलंस. आता तिला कोण सांगणार?"

"मीच."

"फोनवर?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तो आधी आपल्या गावी, थोरल्या भावाकडे गेला. घराण्याचं प्रमुखपद या भावाकडे, मातायोकडे होतं. सगळं ऐकून मातायोने चटईचा एक धागा ओढला.

"चूक झाली ते समजू शकतो. हात आहे, चुकतो. पण बाईमाणसाच्या गळ्यात घातलीस? मास्तरणीच्या?"

"दादा, मी एकटा जातो."

"एकटा कसा जाशील? अपराध तुझा असेल, नाव घराचं आहे. सगळे जाऊ."

मातायोच्या बायकोने पेटीतली सर्वांत जुनी, रेशमासारखी मऊ झालेली चटई काढली. आईच्या लग्नातली. याकोपो म्हणाला, "ही नको." वहिनी म्हणाली, "मग दुसरं काय लाजेला झाकेल?"

लोसिवालेच्या गावी पोचून, उजाडायच्या आत ते तिच्या भावाच्या घरासमोर बसले. याकोपो सर्वांत पुढे, मान खाली, डोक्यावरून चटई. मागे मातायो, वहिनी, तालोसांगा, दोन चुलत भाऊ. माफीसाठी असं बसायचं ते खून झाला, कुणाची बायको पळवली, तर. एका कॉम्प्युटरच्या आज्ञेपायी कोणी बसल्याचं त्या गावाने पाहिलं नव्हतं. चटईबाहेर पावलं थांबत होती. कोणी कुजबुजलं, "कोण मेलं?" दुसऱ्याने सांगितलं, "मेलं नाही कोणी. मेलेल्यांचं बोलणं पुसलं."

खरं सांगायचं तर चटईखाली त्याला बरं वाटलं. अंधार होता, ऊब होती, कोणाचं तोंड दिसत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास सरळ चालू झाला. आणि बरं वाटतंय हे कळल्याबरोबर त्याला पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऊन चढलं तेव्हा चटई उचलली गेली. रीतीप्रमाणे, क्षमा केली याची खूण म्हणून, ती घरच्या कर्त्याने उचलायची, पण समोर लोसिवालेच होती. तिचा भाऊ मागे उभा होता. तिला आत कोणीतरी सगळं सांगितलं असावं. तिचे डोळे सुजलेले होते.

"ऊठ. डोकं तापेल तुझं."

घरात नेलं. भाषणं झाली, मातायो सुरेख बोलला, तिचा भाऊ त्याहून सुरेख बोलला. क्षमा केली म्हणून सांगितलं. जेवण वाढलं. सगळे मोकळे झाले, हसू लागले. लोसिवाले मात्र हसली नाही. पानं उचलल्यावर तिने याकोपोला बाहेर, स्वयंपाकाच्या छपरापाशी बोलावलं.

"भावाने क्षमा केली ती घराने केली. माझं वेगळं आहे."

"सांगा."

"चटईखाली तोंड लपवून बसायला काय लागतं रे? तीन आठवडे मी उघड्या तोंडाने फिरले. प्रत्येक दारात." तिचा आवाज चढला नाही. "आता तू फिर. सदतीस घरं आहेत. प्रत्येक घरात जायचं, बसायचं, आणि तुझ्या तोंडाने सांगायचं. चटई नको, भाऊ नको. मी येईन बरोबर, पण बोलणार नाही."

त्याने पेरिसेकडून दीड महिन्याची रजा मागितली. तिने रजा दिली आणि यंत्रांचं मुख्यपण काढून दुसऱ्याकडे दिलं. ते त्याला पत्रानेच कळलं.

मग ते दोघं फिरले, बसने, कुणाच्या ट्रकच्या मागे बसून, काही गावं पायी. एका घरी म्हातारा ऐकून खो खो हसला. "बरं झालं! त्यात मी मेहुण्याला फार शिव्या दिल्या होत्या. लावा यंत्र, आता नीट सांगतो." एका घरी दार लावून घेतलं. एका घरी तरण्या सुनेने फोन पुढे केला. लोसिवाले आली होती तेव्हा तिने सासऱ्याचं अर्धं गाणं गंमत म्हणून टिपलं होतं. याकोपोने ते दोन्ही हात पुढे करून घेतलं. आणखी एका घरी माणूस शांतपणे म्हणाला, "तुला शिकलेला म्हणतात ना?" एवढंच. त्या दिवशी याकोपो जेवला नाही.

प्रत्येक घरी वाक्य तेच होतं. "तुमच्या माणसाचं बोलणं माझ्या हाताने पुसलं गेलं, आणि मी ते लोसीबाईंवर ढकललं." पहिला भाग दहाव्या घरापर्यंत सरावाने येऊ लागला. दुसरा शेवटपर्यंत सरावाचा झाला नाही.

फेतुआओचं घर खडकाळ किनाऱ्यावर होतं. बोनिटो मारण्यात त्याच्यासारखा सवाईवर नव्हता म्हणत. तो मार्चमध्ये वारला होता. त्याची बायको मोएलांगी उंबऱ्याशी बसून चटईसाठी पंडनसच्या लांब पानांच्या पट्ट्या सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

"किती होतं त्याचं?"

"सोळा बोलणी. चार दिवसांची."

"काय होतं त्यात?"

याकोपोने लोसिवालेकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती. ठरल्याप्रमाणे.

"मासेमारीचं," तो म्हणाला. "बोनिटोचं."

"ते नावावरून कळतं. आत काय होतं?"

याकोपो यंत्राची पिशवी चाचपत राहिला.

"तू ऐकलंस का कधी?"

किती वर्षं तो ही बोलणी इकडून तिकडे नेत होता. प्रत्येक फाइल किती मोठी, किती वेळात गेली, कुठला तुकडा बदलला, सगळं त्याला माहीत होतं. एकही पूर्ण बोलणं त्याने ऐकलं नव्हतं. फेतुआओचं नाही, कुणाचंच नाही.

"नाही," तो म्हणाला. "कुणाचंच नाही ऐकलं."

लोसिवालेने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. हे तिलाही नवीन होतं. याकोपोला वाटलं, ते पुसण्याचं, ते खोट्याचं एक वेळ तोंडाने सांगता आलं, पण याच्यापुढे जमिनीने पोटात घ्यावं.

मोएलांगीने पट्टी खाली ठेवली. "मग तुझं काय गेलं? आमचंच गेलं." आणि थोड्या वेळाने, जरा निराळ्या आवाजात, "जेवून जा. मासा आहे."

जेवल्यावर तिने स्वतःच विचारलं, "यंत्र आणलंय का?" आणि फेतुआओने काय सांगितलं असेल ते सांगू लागली. पक्षी पाण्यावर कसे उतरले म्हणजे मासा खाली आहे, शिंपल्याचा गळ कसा घासायचा. शेजारची म्हातारी मध्येच म्हणाली, "छे, तो असं नाही म्हणायचा. तो म्हणायचा, आधी वारा बघ." दोघी भांडल्या. मोएलांगी एकाएकी थांबली.

"हे त्याचं नाही. हे माझं आहे. त्याच्यासारखं नाही होत ते."

"बंद करू?" याकोपोने विचारलं.

"नको. चालू दे. पण त्याचं नाव लावू नकोस याला."

सदतीसपैकी सव्वीस माणसं जिवंत होती, त्यातली एकवीस पुन्हा बोलली. अकरा गेलेल्यांपैकी चौघांचं थोडंथोडं घरच्यांच्या फोनांत सापडलं. सात जणांचं काहीच नाही. हा हिशेब लोसिवालेने स्वतः पेरिसेला लिहून पाठवला. वर्षअखेर ती पुन्हा कामाला लागली, म्हणाली, "त्याच्यासाठी नाही. मला घरी करमत नाही." आता तिसरी प्रत तिच्या घरी असते. तिला कोणी का म्हणून विचारत नाही. याकोपोशी ती बोलते, कामापुरतं. टोपली आणत नाही.

याकोपो अजून तिथेच आहे, नव्या साहेबाच्या हाताखाली. सवाईवरून जे येतं ते तो आधी कानाला लावून पूर्ण ऐकतो, मग पुढे पाठवतो. त्यामुळे कामाला वेळ लागतो आणि नवा साहेब कुरकुरतो. गायनाला तो जातो, पण मागच्या रांगेत उभा राहतो. त्याने तसं मागून घेतलं.

त्या दिवशी किनाऱ्यावरच्या घरात, मोएलांगीचं बोलणं संपल्यावर, त्याने यंत्र बंद करून फायलीला नाव द्यायला घेतलं होतं. सवयीने बोटं फेतुआओकडे गेली. त्याने ती थांबवली, तिचं पूर्ण नाव काय म्हणून विचारलं, आणि ती एकेक अक्षर सांगत गेली तसं लिहिलं.